हॉटेल कोलोरॅडो, ग्लेनवूड स्प्रिंग्ज: गरम पाणी रस्त्यापलीकडे, इतिहास मात्र लॉबीतच

डेन्व्हरकडच्या आपल्या लोकांपैकी बरेच जण आई-वडील आले की विचारतात, ग्लेनवूडला गरम पाण्याच्या कुंडांवर जायचंय, ते जुनं हॉटेल कोलोरॅडो घेऊ का? तर पहिलीच गोष्ट सांगून टाकते, हॉटेलमध्ये गरम पाण्याचा झरा नाहीये. झरा आहे समोर, रस्ता ओलांडला की, आणि त्या कुंडाचं म्हणजे ग्लेनवूड हॉट स्प्रिंग्जचं तिकीट वेगळं आहे, मालक वेगळे आहेत. फोटोत दोन्ही एकत्र दिसतात म्हणून लोकांना वाटतं खोली घेतली की टॉवेल गुंडाळून खाली उतरायचं आणि पाण्यात. तसं नाही. नुसतं पाणीच हवं असेल, दिवसातून चार वेळा डुंबायचं असेल, तर कुंडाच्या मालकांचंच एक लॉज बाजूला आहे तिथे राहा, तिथल्या भाड्यात कुंड धरलेलं असतं. हॉटेल कोलोरॅडोला राहायचं ते इमारतीसाठी आणि तिच्या पोटात जे काय काय घडून गेलंय त्यासाठी. आम्ही त्यासाठीच राहिलो आणि मला तरी पैसे वसूल वाटले, पण प्रत्येकाला वाटतीलच असं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेले, बाबांचं मूळ गाव संगमेश्वरकडचं, म्हणजे तुरळ-राजवाडीची गरम पाण्याची कुंडं त्यांच्या लहानपणीची. तिथे कोणी तिकीट घेत नाही, थेट जाऊन आंघोळ करायची. त्यामुळे गरम पाण्यात बसायला डॉलर मोजायचे ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती, गाडीत बसेपर्यंत त्यांचा मुद्दा एकच, जमिनीतून फुकट येतंय ना पाणी, मग? गाडी म्हणजे कार नाही हं, रेल्वे. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत, व्हीटीला अख्खी नोकरी गेली (सीएसएमटी म्हणायची सवय त्यांना अजून लागलेली नाही), त्यामुळे अमट्रॅकची कॅलिफोर्निया झेफर घेतली. डेन्व्हरहून कारने तीन तास लागतात आणि या गाडीला जवळजवळ सहा, वर ती लेट होते ते वेगळं, पण जी मजा आहे ती गाडीतच आहे. मोफॅट टनेल येतो, दहा किलोमीटरचा, १९२८ साली सुरू झालेला, त्यातून गाडी जाईपर्यंत बाबा घड्याळ बघत बसले होते. पुढे नदीच्या कडेकडेने दऱ्या, ज्या ठिकाणी रस्ताच नाही फक्त रूळ आहेत, आणि शेवटी ग्लेनवूड कॅन्यन. कॅन्यनमध्ये पलीकडच्या काठाने आय-७० हायवे जातो, काही ठिकाणी एका दिशेचा रस्ता वर आणि दुसऱ्या दिशेचा खाली असे चढवलेले आहेत, हा तुकडा १९९२ ला पूर्ण झाला. कारने जाणार असाल तर पावसाळी हवेत निघायच्या आधी रस्ता चालू आहे का बघून घ्या, २०२० च्या वणव्यानंतर डोंगर सुटे झाले आणि पुढच्या वर्षी दरडी येऊन हायवे बंद पडला होता, आपल्या घाटांसारखाच प्रकार.

स्टेशन नदीच्या दक्षिणेला, हॉटेल उत्तरेला. मधे पायी जायचा पूल आहे, चाकाची बॅग असेल तर दहा मिनिटांत चालत पोचता. पुलावरून खाली बघितलं की आधी रूळ, मग कोलोरॅडो नदी, मग हायवे, मग ते अवाढव्य निळं-हिरवं कुंड आणि त्याच्या मागे दोन मनोरेवालं हॉटेल. आणि वास. अंड्याचा म्हणा, गंधकाचा म्हणा, पुलावरच येतो. बाबा एकदम खूश, म्हणाले हां, पाणी खरं आहे.

इमारत पहिल्यांदा बघताना अमेरिकेत आहोत असं वाटतच नाही. रोममधल्या व्हिला मेदिचीवरून घेतलेला नमुना आहे, दोन मनोरे, इंग्रजी यू अक्षरासारखा आकार, मधे दक्षिणेला उघडं अंगण, कारंजं. खाली तिथलाच गुलाबी-लालसर वालुकाश्म आणि वर फिकट पिवळट विटा. आर्किटेक्ट न्यूयॉर्कचे, बोरिंग आणि टिल्टन वगैरे मंडळी, ज्या बोरिंग-टिल्टननी पुढे एलिस आयलंडची इमिग्रेशनची मोठी इमारत बांधली. म्हणजे एकाच जोडीने एकीकडे श्रीमंतांना आंघोळीला उतरण्यासाठी हॉटेल काढलं आणि दुसरीकडे बोटीतून आलेल्या गरिबांना रांगेत उभं करायला हॉल. (इमिग्रेशनच्या रांगेचा अनुभव असलेल्यांनी यावर स्वतःच विचार करावा.)

आत लॉबी मोठी, उंच छत, फायरप्लेस, जुने फोटो. खोल्यांबद्दल एवढंच सांगते की सव्वाशे वर्षांच्या वरची इमारत आहे, एकसारख्या खोल्या मिळणार नाहीत. कुठली लांबट, कुठली कोपऱ्यातली, कुठल्या खिडकीतून डोंगर तर कुठल्या खिडकीतून कुंड. ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसते ती खोली डोळे मिटून घेऊ नका, फोन करून विचारा कुठल्या बाजूची आहे, बाथरूममध्ये टब आहे की शॉवर, लिफ्टपासून किती लांब. आईचे गुडघे हा आमच्याकडे प्रत्येक बुकिंगचा पहिला प्रश्न असतो, त्यामुळे टबची कड ओलांडावी लागणार नाही अशी खोली आम्ही मागून घेतली. दक्षिणेची खोली घेतली तर समोर कुंड, पण त्याच्यामागे हायवे आणि रूळही आहेत हे लक्षात ठेवा, हलकी झोप असणाऱ्यांनी मागची बाजू घ्यावी. बाबांना रात्री मालगाडी गेली की झोप जास्त चांगली लागते, तो भाग वेगळा. दारं जड, जमीन करकरते, कॉरिडॉर लांबलचक. ज्यांना नवं कोरं, चकाचक, सगळं बटणावर चालणारं हॉटेल लागतं त्यांनी इथे येऊच नये, उगाच नंतर एक स्टार देतात.

आता इतिहास. हॉटेलची आवडती गोष्ट म्हणजे टेडी बेअर. १९०५ मध्ये प्रेसिडेंट थिओडोर रूझवेल्ट इकडे अस्वलाच्या शिकारीला आले, हॉटेल हा त्यांचा तळ, सेक्रेटरी इथे बसून कारभार बघायचा, म्हणून याला पश्चिमेकडचं छोटं व्हाइट हाऊस म्हणायचे. इथपर्यंत सगळं खरं. पुढची गोष्ट अशी सांगतात की एक दिवस साहेब रिकाम्या हाताने परत आले, हिरमुसले, म्हणून हॉटेलच्या कामवाल्या बायकांनी चिंध्या जोडून अस्वल शिवून दिलं आणि तेच पहिलं टेडी. गोड आहे, पण तारखा जुळत नाहीत हो. टेडी बेअरचा जन्म १९०२ चा. मिसिसिपीत शिकारीला गेले असताना बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी घालायला रूझवेल्टनी नकार दिला, त्यावर बेरीमन नावाच्या व्यंगचित्रकाराने वॉशिंग्टन पोस्टात चित्र काढलं, ते बघून ब्रुकलिनमधल्या मिचटम नवरा-बायकोनी अस्वल शिवून दुकानात ठेवलं. तीन वर्षं आधी! आणि कोलोरॅडोच्या शिकारीत रूझवेल्टच्या टोळीला अस्वलं मिळाली नाहीत असंही नाही, चांगली भरपूर मिळाली, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

खरी गंमत वेगळीच आहे. त्या शिकारीत एक लहानसं मिश्र जातीचं कुत्रं होतं, स्किप नावाचं, दमलं की घोड्यावर बसून प्रवास करायचं. रूझवेल्टना ते इतकं आवडलं की सोबत घेऊन गेले आणि ते व्हाइट हाऊसमध्ये मुलांबरोबर राहिलं. म्हणजे कोलोरॅडोतून साहेबांनी खरोखर काय नेलं असेल तर कुत्रं. चिंध्यांचं अस्वल सगळ्यांना माहीत, स्किपला कोणी विचारत नाही. माझ्या मुलाने तिथल्या तिथे जाहीर केलं की त्याला अस्वल नको, स्किप पाहिजे, आणि स्किप काही कुठल्या दुकानात मिळाला नाही, त्यामुळे संध्याकाळ कशी गेली ते विचारू नका.

१९०९ ला प्रेसिडेंट टाफ्टही आले होते. हे गृहस्थ दीडशे किलोच्या आसपास. कुंडात उतरायचा आग्रह झाला तेव्हा आपल्यासारख्या देहाच्या माणसाने चारचौघांत आंघोळ न केलेली बरी असं काहीतरी म्हणाले म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण आईला हा माणूस एकदम पटला, कारण तिचा पाण्यात उतरायचा विषय अजून मिटायचा होता. टायटॅनिकमधून वाचलेल्या मार्गारेट ब्राऊन इथे यायच्या, त्यांच्या नावाचा स्वीट आहे. अल कपोनच्याही गोष्टी सांगतात, भुयार होतं वगैरे. जुन्या हॉटेलांना एक प्रेसिडेंट, एक गँगस्टर आणि एक भूत लागतंच, त्याशिवाय त्यांना जुनं म्हणत नसावेत.

पण मला जे सापडलं ते यातल्या कशातच नाही, आणि त्याचा मुंबईशी संबंध आहे, म्हणून जरा लांबण लावते.

हॉटेल बांधलं वॉल्टर डेव्हरू नावाच्या मायनिंग इंजिनीअरने. पैसा कुठला? अ‍ॅस्पेनच्या चांदीच्या खाणींचा. आज अ‍ॅस्पेन म्हणजे स्कीइंग आणि सिनेमा नट, तेव्हा अ‍ॅस्पेन म्हणजे चांदी. या डेव्हरूने झऱ्याची जमीन घेतली, नदीचा प्रवाह वळवून झरा मोकळा केला, कुंड बांधलं, ते १८८८ च्या ४ जुलैला उघडलं, आणि मग साडेआठ लाख डॉलर खर्चून हे हॉटेल. उद्घाटन १० जून १८९३. फटाके, बँड, लांबून लांबून आगगाडीने आलेले पाहुणे, सगळं झोकात.

आणि २६ जून १८९३ ला, म्हणजे सोळा दिवसांनी, तिकडे इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळी चांदीला बंद केल्या. तोपर्यंत कोणीही चांदी मुंबईच्या नाहीतर कलकत्त्याच्या टांकसाळीत नेऊन द्यावी आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती, त्यामुळे जगातली कितीतरी चांदी हिंदुस्थानात मुरायची. पण चांदी घसरत चालली, रुपया घसरत चालला, आणि सरकारला लंडनला पेन्शनी, व्याज वगैरे पाठवायचे ते पौंडात, म्हणजे सोन्यात. परवडेना. मग केलं बंद. बातमी तारेने पोचली आणि औंसाला ८३ सेंट असलेला भाव चार-पाच दिवसांत ६२ वर. कोलोरॅडोतल्या खाणी धडाधड बंद, जुलैमध्ये डेन्व्हरला बँकांवर रांगा लागल्या आणि एकामागून एक बँका दारं लावून बसल्या, हजारो खाणकामगार रस्त्यावर. अमेरिकेत मंदी त्या वर्षाच्या सुरुवातीलाच आली होती हे खरं, नोव्हेंबरमध्ये इथल्या सरकारनेही चांदी विकत घ्यायचा कायदा रद्द केला, त्यामुळे सगळं खापर टांकसाळीवर फोडता येणार नाही. तरी कोलोरॅडोच्या चांदीच्या बाजाराला जोराचा धक्का दिला तो फोर्टमधल्या टांकसाळीच्या त्या इमारतीने.

हे मी बाबांना लॉबीत बसून सांगितलं. बाबा चहाच्या नावाखाली जे काय दिलं होतं ते पीत होते. व्हीटीहून टाऊन हॉलकडे जाताना टांकसाळीवरून ते किती वर्षं गेले असतील. थोडा वेळ छताकडे बघत बसले आणि म्हणाले, म्हणजे हे हॉटेल आपण बुडवलं. मी म्हटलं आपण नाही, इंग्रजांनी. तर म्हणे टांकसाळ कुठे आहे, मुंबईत ना, मग. त्यानंतर पुढचा सगळा वेळ त्यांचा हॉटेलवर जरा हक्कच होता, तिकिटाचा मुद्दाही परत निघाला नाही.

भुताच्या गोष्टींचं मूळही साध्या इतिहासातच आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, नौदलाने हे हॉटेल ताब्यात घेऊन इथे हॉस्पिटल केलं, ते १९४६ पर्यंत चाललं. समुद्र इथून हजार किलोमीटरच्या पुढे आणि हॉस्पिटल नौदलाचं! पण कारण सरळ आहे, गरम पाणी, कोरडी हवा, रेल्वे दारात, आणि युद्धामुळे रिकामं पडलेलं मोठं हॉटेल. हजारो खलाशी-सैनिक इथे बरे होऊन गेले, कुंडात उपचार घेत. मला विचाराल तर त्या काळचा इतिहास जास्त सांगायला हवा, रूझवेल्टपेक्षा तीच माणसं इथे जास्त राहिली. पण लोकांना तळघर आणि प्रेतं म्हटलं की कान टवकारायला होतं, त्यामुळे गोष्ट नेहमी तिकडेच जाते.

आणि या सगळ्याच्या आधी हे पाणी यूट लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींचं होतं. ते पिढ्यानपिढ्या इथे येत, झऱ्यात बसत, वाफेच्या गुहांमध्ये घाम काढत. १८८१ मध्ये इथल्या यूटांना बंदुकीच्या धाकाने उटाहमध्ये हाकललं, आणि दोनच वर्षांनी गाव बसलं. इतक्या लवकर. माहितीत हे लिहिलेलं असतं, पण कसं, यूट लोकांना हे झरे पवित्र होते असं एक गोड वाक्य आणि पुढचा परिच्छेद थेट डेव्हरू. मधे काय झालं ते वाचणाऱ्याने शोधायचं.

वेस्टर्न सिनेमांतला तो जुगारी बंदूकबाज डॉक हॉलिडे या हॉटेलमध्ये वारला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तो वारला ८ नोव्हेंबर १८८७ ला, तेव्हा हे हॉटेल बांधायलाही घेतलं नव्हतं. तो दुसऱ्या हॉटेलात, हॉटेल ग्लेनवूडमध्ये, ते १९४५ ला जळालं. क्षय झालेला, छत्तीस वर्षांचा, गरम पाण्याने बरं वाटेल म्हणून आलेला. गंधकाच्या वाफेने फुप्फुसं आणखी बिघडली असंही म्हणतात. गावाच्या दुसऱ्या टोकाला टेकडीवर लिनवूड दफनभूमी आहे, तिथे त्याच्या नावाचा दगड, लोक पत्ते आणि नाणी ठेवून जातात. चढ खडा आहे, आई खालीच बाकावर बसली.

आता पाणी, ज्यासाठी निम्मे लोक हे वाचत असतील. झऱ्यातून पाणी येतं ५० डिग्री सेल्सियसला, दिवसाला सव्वा कोटी लिटरच्या वर. मोठं कुंड १२३ मीटर लांब, ते ३२-३४ डिग्रीला ठेवतात, आणि बाजूचं छोटं कुंड ४० डिग्रीचं. पोहायचं, पोरांना खेळवायचं ते मोठ्यात. सांधे शेकायचे ते छोट्यात. आम्ही गेलो सप्टेंबर अखेरीस, डोंगरावर अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी झालेली, सकाळी हवा चांगलीच गार, पाण्यावर एवढी वाफ की पलीकडच्या काठावरचा माणूस दिसेना. त्या वेळी जा, उघडतं तेव्हाच. दुपारी, आणि त्यातून शनिवारी, जत्रा असते.

आईने भारतातून येतानाच अंगभर स्विमसूट आणला होता, माझ्या मावसबहिणीची कृपा. तरी काठावर टॉवेल घट्ट धरून उभी. शेजारी तिच्याच वयाच्या दोन अमेरिकन बायका गळ्यापर्यंत पाण्यात बसून गप्पा मारत होत्या, त्यांनी हिला हाताने या या केलं, आणि ही उतरली. नंतर बाहेर काढायची पंचाईत. चाळीस डिग्रीत एका वेळी दहा-पंधरा मिनिटांच्या वर बसू देऊ नका, बीपीची गोळी असणाऱ्यांना उठताना गरगरतं, उठून दोन मिनिटं कठड्यावर बसायचं, पाणी प्यायचं, मग परत. प्यायचं म्हणजे बाटलीतलं, कुंडातलं नाही, ते खारट आहे, त्यात सगळ्यात जास्त मीठच आहे. आणि चांदीचं काही अंगावर ठेवू नका. आईने जोडवी काढायला साफ नकार दिला, सवाष्णीने काढायची नसतात म्हणून, आणि तासाभरात ती काळी कुळकुळीत. टूथपेस्ट लावून घासली, निम्मी उजळली, उरलेली घरी येऊन चिंचेने. सोन्याला काही झालं नाही.

याम्पा नावाच्या वाफेच्या गुहा कुंडापासून चालत पाच मिनिटांवर आहेत. पायऱ्या उतरून जमिनीखाली जायचं, खाली दगडी खोल्या, जमिनीखालून गरम पाणी वाहतं, अंधुक उजेड, ४०-४५ डिग्री आणि सगळी वाफ. नवरा आणि मी गेलो. नवरा पाच मिनिटांत वर. मला आवडलं, पण दमा असणाऱ्यांनी किंवा बंद जागेत घाबरणाऱ्यांनी नको. म्हाताऱ्यांना तर अजिबातच नको. मोठ्या कुंडाची गर्दी नको असेल तर नदीकाठी आयर्न माउंटनची कुंडं आहेत, २०१५ ला उघडलेली, लहान लहान, वेगवेगळ्या तापमानाची. तिथला देखावा सरस, पण इतिहास शून्य.

जेवणाचं. शाकाहारी लोकांनी अमेरिकेतल्या डोंगरी गावात जी तयारी ठेवायची तीच इथे. गावातल्या एका रेस्टॉरंटमध्ये (नाव नको) भाज्यांचं सूप मागवलं, विचारून घेतलं होतं, तरी दोन चमच्यांनंतर कळलं की चिकनच्या स्टॉकमध्ये केलंय. वेटरला सांगितलं तर म्हणे पण चिकनचे तुकडे नाहीत ना त्यात. त्या दिवसापासून आईने बाहेरचं बंद केलं आणि दशम्या, चटणी, मेतकूट यांवर आली. पुलाच्या दक्षिणेला मुख्य रस्त्यावर पिझ्झा, मेक्सिकन, थाई असं सगळं मिळतं, काय घातलंय ते खोदून विचारा. खोलीत इलेक्ट्रिक कुकर वगैरे लावायच्या भानगडीत पडू नका, जुनी इमारत आहे, अलार्म वाजला तर सगळ्या हॉटेलला खाली उतरवाल. दूध-दही, फळं, ब्रेड गावातून आणून ठेवली की निभतं.

मग घ्यावं का हे हॉटेल? एक रात्र नक्की. आदल्या दिवशी गाडीने दुपारी पोचायचं, सामान डेस्कवर ठेवून गावात चक्कर, संध्याकाळी लॉबी आणि अंगण, फोटो नीट वाचत बसायचं, पहाटे कुंड. जास्त रात्री राहायचं असेल आणि मुलं लहान असतील तर दुसऱ्या रात्रीपासून कुंडाच्या लॉजमध्ये हला, ओल्या मुलांना घेऊन सारखं रस्ता ओलांडायला नको. मनोऱ्यातले मोठे स्वीट महाग आहेत, ते लग्नाच्या वाढदिवसासाठी ठीक, चौघांनी सोफ्यावर झोपायला नाही. हॉटेलचे, कुंडाचे दोन्हीचे दर वाराप्रमाणे आणि सीझनप्रमाणे खूप बदलतात, मंगळवार-बुधवार बघा. आणि रेल्वेने जाणार असाल तर आधी गाडीचं तिकीट काढा, हॉटेल नंतर. झेफर दिवसाला प्रत्येक दिशेला एकच आहे, परतीची साधारण दुपारी बाराच्या सुमारास निघते, आणि उजव्या-डाव्या खिडकीसाठी भांडायची गरज नाही, मधे एक काचेचा डबा असतो तिथे जाऊन बसायचं, लवकर गेलात तर जागा मिळते.